हे गाव नकाशात कुठाय? (वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

मागच्या अंकात ऑर्फियसची गोष्ट छापली होती. बायको साप चावून गेली, हा तिला आणायला थेट पाताळात उतरला, गाणं म्हणून तिथल्या देवाला पाझर फोडला आणि वर येताना अगदी शेवटी मागे वळून बघितलं म्हणून ती कायमची गेली, ती गोष्ट. तेव्हापासून मेल आणि पत्रं येतायत ती थांबतच नाहीयेत, आणि गंमत म्हणजे ऑर्फियसबद्दल कुणालाच काही विचारायचं नाहीये, सगळ्यांचं एकच, की ते पाताळ कुठाय, ग्रीक गोष्टींतलं अमकं बेट कुठाय, नीट पत्ता द्या. पुण्यात पत्ता विचारला की काय होतं ते आपण सगळे जाणतो. तरी प्रयत्न करते.

प्रश्न : माझा नातू नववीत आहे. मोबाईलवर कसलातरी ग्रीक देवांचा गेम खेळतो आणि जेवायला हाक मारली की "थांब गं आजी, टार्टरसमधून बाहेर पडू दे" म्हणतो. परवा मला विचारतो, आजी तू मेल्यावर एलिझियमला जाशील ना? मी म्हटलं आधी पानातली भाजी संपव. पण हे आहे तरी काय? त्यांचे स्वर्ग-नरक का? (एक आजी, कोथरूड)

उत्तर : आजी, खरं सांगायचं तर तुमचं एलिझियम अवघड दिसतंय, कारण तिथे सुरुवातीला पुण्याई चालायची नाही, वशिला लागायचा. थट्टा नाही करत. होमर या जुन्या ग्रीक कवीच्या ओडिसीत मेनेलाउस नावाच्या राजाला सांगितलंय की तू मरणार नाहीस, देव तुला पृथ्वीच्या टोकाला एलिझियमच्या मैदानात पाठवतील, तिथे बर्फ नाही, वादळ नाही, पाऊस पण नाही, समुद्रावरून गार वारा येत असतो नुसता. आणि हे का, तर तू हेलनचा नवरा, म्हणजे देवांचा राजा झ्यूस, त्याचा जावई. झालं. जावईबापूंची सोय झाली, बाकीच्यांनी बघावं आपापलं.

आणि बाकीचे म्हणजे चांगले वाईट, शूर भित्रे, सगळे एकाच ठिकाणी, पाताळाचा देव हेडीस याच्या राज्यात. तिथे सावल्यांसारखं फिरत राहायचं, बहुतेकांना ना शिक्षा ना सुख, आपल्याकडे दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात ना, तसं सगळं कायमचं. अ‍ॅस्फोडेल नावाच्या फिकट फुलांचं मैदान आहे तिथे, हे फूल खरं आहे बरं का, ग्रीसच्या खडकाळ माळावर आजही उगवतं. ट्रॉयच्या युद्धातला एवढा मोठा वीर अकिलीस, तो तिथे भेटतो तेव्हा म्हणतो की इथे मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा वर कुणा गरीब माणसाकडे मजूर म्हणून राबणं परवडलं. मला हे वाक्य फार आवडतं. वीरमरण वगैरेची सगळी हवाच काढून घेतली होमरने.

टार्टरस याच्याही खाली. हेसियड नावाच्या कवीने त्याचं अंतर देऊन ठेवलंय, की आकाशातून काशाची ऐरण सोडली तर नऊ दिवस नऊ रात्री पडत राहील आणि दहाव्या दिवशी जमिनीला लागेल, आणि जमिनीतून खाली सोडली तर परत तेवढाच वेळ टार्टरसला पोचायला. झ्यूसने लढाईत हरवलेले टायटन नावाचे जुने देव तिथे कोंडलेत. म्हणजे नातवाला तिथून वर येईपर्यंत वरण गार होणारच, तुम्ही जेवून घेत जा.

पुढे पुढे मात्र ग्रीकांनाच हे वशिल्याचं प्रकरण पटेनासं झालं असावं. पिंडार नावाचा कवी म्हणतो की इथे आणि तिथे मिळून तीनतीनदा नीट वागून दाखवलं तर माणूस धन्य लोकांच्या बेटांवर जातो. प्लेटोकडे तर चक्क पुनर्जन्म आहे, परत जन्माला यायच्या आधी विस्मृतीचं पाणी प्यायचं आणि मागचं सगळं विसरायचं. यावर काही लोकांनी तोड काढली होती ती बघा. दक्षिण इटलीत, क्रीटमधे, थेसलीत काही थडग्यांमधून सोन्याचे छोटे पत्रे सापडलेत, मेलेल्या माणसासोबत पुरलेले, आणि काहींवर चक्क रस्ता लिहिलाय! पांढऱ्या सायप्रसच्या झाडापाशी एक झरा लागेल, तहान लागली तरी तिथे जाऊ नकोस, पुढे जा, स्मृतीच्या तळ्याचं गार पाणी लागेल, पहारेकरी विचारतील त्यांना अमुक उत्तर दे. वडाच्या झाडापाशी वळू नका, पुढच्या मारुतीपाशी वळा, असं आपण सांगतो की नाही, तसंच. मरणानंतरचा पत्ता, आणि तोही खुणेच्या झाडासकट.

नद्या पण आहेत तिथे, स्टिक्स, अकेरॉन, कोकिटस, फ्लेगेथॉन आणि विस्मृतीची लीथी. कॅरन नावाचा नावाडी पैलतीराला नेतो, त्याला भाडं म्हणून प्रेताच्या तोंडात एक नाणं ठेवायचे. तुम्हाला वैतरणी आठवली असेलच, गाईचं शेपूट धरून पार करायची ती. आता गंमत अशी की वैतरणा आपल्याकडे खरी पण आहे, त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते आणि तिच्यावरच्या धरणांचं पाणी मुंबईकर रोज पितात. अकेरॉनचं अगदी तेच, ती वायव्य ग्रीसमधली खरी नदी आहे, लोक तिथे राफ्टिंग करतात. पॉसेनियस नावाचा जुना प्रवासी लिहून गेलाय की होमरने पाताळातल्या नद्यांची नावं बहुतेक इथूनच उचलली. त्या नदीजवळ मृतात्म्यांना कौल लावायचं ठिकाण होतं असं हिरोडोटस नावाचा ग्रीक इतिहासकार सांगतो, पेरिअँडर नावाच्या राजाने तिथे माणसं पाठवून मेलेल्या बायकोला कुठल्याशा ठेवीबद्दल विचारलं होतं म्हणे. १९५८ पासून तिथे एका टेकडीवर खोदकाम झालं, खाली कमानींचं तळघर निघालं आणि यंत्राचे धातूचे भाग निघाले, मग काय, भुतं वर खेचून दाखवायचं मशीन सापडलं अशी चर्चा. नंतर इतर अभ्यासकांनी बघितलं तर ते युद्धातल्या कॅटपल्टचे, म्हणजे दगड-बाण फेकायच्या यंत्राचे भाग.

प्रश्न : ऑफिसमधे पैज लागलीय. मी म्हणतो अटलांटिस खरं होतं, चार तासांची डॉक्युमेंटरी बघितलीय मी. टीममधली एक जण म्हणते सगळं बोगस. हरेल त्याने अख्ख्या टीमला मिसळ द्यायची. आम्ही चौदा जण आहोत, निकाल द्या. (हिंजवडी)

उत्तर : चौदा मिसळी, आणि ताक पण धरा. हरलात तुम्ही.

असं बघा, आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या गोष्टीची दहा रूपं असतात, ग्रीकांकडेही असतात, एकात हर्क्युलिस सोन्याची सफरचंदं आणायला स्वतः जातो तर दुसऱ्यात कुणालातरी पाठवतो. अटलांटिसचा मात्र एकच सोर्स आहे. प्लेटो. त्याचे दोन संवाद, तिमायस आणि क्रिटियस, इसवी सनापूर्वी साधारण ३६० च्या आसपासचे, त्याआधी या बुडालेल्या बेटाबद्दल कुणीच काही बोललेलं नाही, अगदी इजिप्त फिरून आलेला आणि ऐकलेली प्रत्येक गोष्ट वहीत उतरवणारा हिरोडोटससुद्धा गप्प आहे. आणि प्लेटो म्हणतो काय, की हे सोलॉन नावाच्या अथेन्सच्या जुन्या कायदेकर्त्याला इजिप्तच्या साइस गावच्या पुजाऱ्यांनी सांगितलं, घटना सोलॉनच्या ९००० वर्षं आधीची. माझ्या मित्राच्या काकांच्या ओळखीच्या एकाने बघितलंय, हे आपण ऐकतो ना, तो प्रकार.

वर्णन मात्र फर्स्ट क्लास आहे हं. हर्क्युलिसच्या खांबांपलीकडे, म्हणजे जिब्राल्टरच्या बाहेर, लिबिया (म्हणजे तेव्हाची आफ्रिका) आणि आशिया मिळून होतील त्याहून मोठं बेट, मधे टेकडी, तिच्याभोवती पाण्याची तीन आणि जमिनीची दोन वर्तुळं, समुद्राचा देव पोसायडन, त्याची जुळ्यांच्या पाच जोड्या असलेली दहा मुलं तिथले राजे, भिंतींवर ओरीकॅल्कम नावाचा विस्तवासारखा चमकणारा धातू. आणि मग हे लोक माजतात, अथेन्सवर चालून येतात, अथेन्स त्यांना हरवतं, आणि नंतर भूकंप-पुरात एका दिवसात आणि एका रात्रीत बेट समुद्रात. लक्षात घ्या, गोष्टीतला हीरो अथेन्स आहे. तेही प्लेटोने आधी ज्या आदर्श राज्याची चर्चा केली तसं चालणारं अथेन्स. ९००० वर्षांपूर्वी अथेन्स शहरच नव्हतं, सैन्य कुठून आणणार? आणि क्रिटियस तर अर्ध्यातच तुटतो, झ्यूस देवांची सभा बोलावतो, "आणि म्हणाला" असं येतं आणि संपलं, पुढे काही नाही. तुमच्या डॉक्युमेंटरीचा बराचसा मालमसाला १८८२ साली इग्नेशियस डॉनेली नावाच्या अमेरिकन राजकारण्याने अटलांटिसवर पुस्तक लिहिलं तिथून पुढचा आहे, प्लेटोचा नाही.

पण चौदाच्या चौदा तुमच्याच माथी मारणं मला बरं वाटत नाही. प्लेटो पन्नाशीत असताना, इसवी सनापूर्वी ३७३ च्या हिवाळ्यात, हेलिकी नावाचं खरंखुरं ग्रीक शहर एका रात्रीत भूकंप होऊन समुद्रात गेलं. शहराचा देव कोण, तर पोसायडन! नंतर कैक वर्षांनी तिथले नावाडी सांगायचे की पाण्यात पोसायडनचा ब्राँझचा पुतळा अजून उभा आहे, कोळ्यांची जाळी अडकतात त्यात. २००१ मधे या शहराचे अवशेष सापडले आणि सापडले ते समुद्रात नाहीच, किनाऱ्यापासून आत, गाळाने भरलेल्या खाजणाच्या खाली. त्याआधी सँटोरिनीचा ज्वालामुखी फुटला होता, इसवी सनापूर्वी साधारण १६०० च्या सुमारास, त्या राखेखालचं अक्रोतिरी गाव १९६७ पासून खणतायत, भिंतींवरची चित्रं काय रंगीत आहेत, बघाच. तेव्हा शहरं बुडतात हे प्लेटोला आणि त्याच्या वाचकांना चांगलं माहीत होतं, त्यावर त्याने गोष्ट रचली. म्हणून माझा निकाल असा की मिसळ तुम्ही द्या, पाव तिने आणावेत. आणि द्वारकेचा विषय ऑफिसमधे काढू नका, अप्रेझल होईपर्यंत तरी.

प्रश्न : आम्ही शनिवार-रविवार सह्याद्रीत असतो. ग्रीसला जायचं ठरतंय. माउंट ऑलिंपस चढता येतो का की तो पण काल्पनिक? (ट्रेकर ग्रुप, धनकवडी)

उत्तर : खरा आहे, चढता येतो. मिटिकास हे सगळ्यात उंच टोक २९१७ मीटर, म्हणजे आपली कळसूबाई १६४६, तेव्हा हिशेब करा. लितोखोरो गावातून सुरुवात करतात. शेवटचा टप्पा हातापायांनी चढायचा कातळ आहे, तिथे रील काढू नका. माथ्यावर माणूस पोचल्याची पहिली नोंद १९१३ मधली आहे, दोन स्विस आणि त्यांना वाट दाखवणारा क्रिस्तोस काकालोस नावाचा स्थानिक गडी.

होमर म्हणतो ऑलिंपसवर वारा नाही, पाऊस नाही, बर्फ कधीच पडत नाही. जॅकेट न्या.

प्रश्न : आम्ही दोघं रिटायर झालोय, क्रूझवर जाणार आहोत. एजंटच्या माहितीपत्रकात कॅलिप्सोची गुहा, सर्सीचं बेट, ओडिसियसचं जहाज बुडालं ती जागा असं सगळं आहे. हे खरं असतं का हो? पैसे भरायच्या आत कळवा. (औंध)

उत्तर : पैसे भरा, समुद्र खराच असतो. बाकीचं सांगते.

तुम्ही जंगली महाराज रोडवरच्या पाताळेश्वराला गेला असालच. लेणं आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांच्या काळातलं, पण लहानपणी आपल्याला काय सांगितलेलं असतं, की पांडवांनी एका रात्रीत कोरलं. महाराष्ट्रात कुठलंही लेणं घ्या, पांडव राहून गेलेत, कुठलंही कुंड घ्या, सीतामाईने स्नान केलंय, वनवास चौदा वर्षांचा पण ठिकाणं बघितली तर शंभर वर्षं पुरायची नाहीत. होमरच्या ओडिसीचा नायक ओडिसियस, त्याचं तसंच झालंय. ट्रॉयहून घरी जायला त्याला दहा वर्षं लागली, आणि ग्रीक लोक व्यापाराला, वस्ती करायला जसजसे पश्चिमेकडे सरकत गेले तसतशी त्याची बेटंही पश्चिमेकडे सरकली, जिथे नवं बंदर तिथे ओडिसियस आधीच येऊन गेलेला. सर्सी ही गोष्टीतली जादूगारीण इटलीच्या एका डोंगरावर बसवली, तो डोंगर आजही चिरचेओ म्हणून तिच्याच नावाचा आहे. कमळं खाऊन घर विसरणारे लोक ट्युनिशियातल्या जेर्बावर. त्याला बेटावर अडकवून ठेवणारी कॅलिप्सो माल्टाजवळच्या गोझोवर. कॉर्फूवाले तर फार जुने दावेदार आहेत, ओडिसियसला शेवटी घरी पोचवणारे फेएशियन खलाशी म्हणजे आमचे पूर्वज, म्हणून आमचं आरमार भारी, असं ते थ्युसिडिडीस या जुन्या ग्रीक इतिहासकाराच्या काळातही ऐकवायचे. त्यांच्याकडे एक छोटंसं बेट आहे, ते म्हणजे पोसायडनने दगड केलेलं जहाज, असं दाखवतात. तुमच्या माहितीपत्रकात फोटो असेलच.

या सगळ्यावर एराटोस्थेनिसने जे म्हणून ठेवलंय त्याला तोड नाही. हा अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख, सावली मोजून पृथ्वीचा घेर काढणारा. गोष्टीत वाऱ्यांचा राजा ओडिसियसला सगळे वारे कातडी पिशवीत बांधून देतो ना, त्यावरून तो म्हणाला, ज्या दिवशी ती वाऱ्यांची पिशवी शिवणारा कारागीर सापडेल त्या दिवशी ओडिसियस कुठे कुठे भटकला तेही सापडेल. बावीसशे वर्षांपूर्वीचा टोमणा आहे, पण माणूस आपल्या पेठेतला वाटतो. स्ट्रेबो या भूगोलकाराला हे फार लागलं, त्याने पानंच्या पानं होमरची बाजू घेतली, पण बोललेलं ते बोललेलंच.

गुहेत जा, फोटो काढा. गाईड कारागिराचं नाव सांगत असेल तर मला कळवा.

प्रश्न : सप्रेम नमस्कार वि. वि. मागील अंकातील चौकटीत आपण "हायपरबोरिया, उत्तर वाऱ्याच्याही उत्तरेचा काल्पनिक देश" असा उल्लेख केलात. पुण्यात बसून उत्तर ध्रुवाकडील प्राचीन वस्तीबद्दल लिहायचे आणि लोकमान्यांचे नावही घ्यायचे नाही, हे खेदजनक आहे. खुलासा अपेक्षित. (एक निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ)

उत्तर : सर, चौकट साठ शब्दांची होती. पण बरोबर आहे तुमचं, नाव यायला हवं होतं, आणि आता लिहितेच आहे तर दोन्ही गोष्टी वेगळ्या का आहेत तेही लिहिते.

टिळकांचा 'आर्क्टिक होम इन द वेदाज' १९०३ मधे पुण्यात प्रसिद्ध झाला. त्यांचा युक्तिवाद वेद आणि अवेस्तावर उभा आहे, कित्येक दिवस चालणारी उषा, देवांचा सहा महिन्यांचा दिवस आणि सहा महिन्यांची रात्र, ही वर्णनं ध्रुवाजवळ राहिलेल्या माणसांच्या आठवणी आहेत असं त्यांचं म्हणणं. वॉरन नावाच्या अमेरिकन विद्वानाने १८८५ मधे मानवजातीचं मूळ घर उत्तर ध्रुवावर होतं असं पुस्तक लिहिलं होतं, त्याची दखल टिळकांनी प्रस्तावनेत घेतलीय. आजचे अभ्यासक ही उपपत्ती मानत नाहीत हे तुम्हालाही माहीत आहे, पण तो माणूस पुरावे मांडून वाद घालत होता, चुकायचं तर असं चुकावं असं मला वाटतं.

हायपरबोरियाचं म्हणाल तर तिथे कुणी वाद घालतच नव्हतं. अपोलो देव हिवाळ्यात तिकडे जातो, तिथल्या लोकांना म्हातारपण नाही, आजार नाही, आणि पिंडार स्पष्ट सांगतो की जहाजाने जा की पायी जा, तिकडची वाट सापडायची नाही. हिरोडोटसकडे मात्र यातली एक फार गोड गोष्ट आहे. डेलॉस बेटावर हायपरबोरियाहून गव्हाच्या काडात गुंडाळलेल्या भेटी यायच्या. सुरुवातीला म्हणे दोन मुली, हायपेरोखी आणि लाओडिकी, पाच जणांच्या सोबतीने त्या घेऊन आल्या आणि कुणीच परत गेलं नाही. त्यांच्या गावाला काळजी लागली, म्हणून मग त्यांनी काय केलं, की गाठोडं नुसतं शेजारच्या देशाच्या वेशीवर नेऊन ठेवायचं, पुढच्यांना सांगायचं तुम्ही तुमच्या पुढच्या गावाला द्या, असं करत करत स्किथियातून एड्रियाटिकपर्यंत, तिथून डोडोना आणि शेवटी डेलॉस. गाठोडं येतंय हे दिसतंय, पण पाठवणारा कुणीच पाहिलेला नाही. शेवटच्या गावाला विचारलं तर ते म्हणणार आमच्याकडे मागच्या गावाहून आलं. अशा साखळीतून काडात गुंडाळलेलं काहीतरी खरंच येत असेल, मला तसं वाटतं बुवा, आणि ते जिथून येतंय ती जागा "अजून एक मुक्काम पुढे" एवढंच कळत असणार.

आणि एवढं सांगून हिरोडोटस स्वतःच हसतो, म्हणतो उत्तर वाऱ्यापलीकडे लोक राहत असतील तर दक्षिण वाऱ्यापलीकडे पण असायला हवेत की.

खुलासा संपला. अंक घरपोच मिळतोय ना?

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ग्रीकांच्या दंतकथांमधे भारतातली एखादी काल्पनिक जागा आहे का? प्रोजेक्टसाठी हवंय. (कर्वेनगर)

उत्तर : एखादी? अगं, आपला अख्खा देशच होता.

हिरोडोटस लिहितो की पूर्वेकडे माणसं राहतात अशी शेवटची जमीन म्हणजे भारत, त्यापुढे नुसतं वाळवंट. आणि शेवटच्या जमिनीवर जे असतं ते सगळं इथे आहे, कुत्र्याहून लहान पण कोल्ह्याहून मोठ्या मुंग्या वाळूतून सोनं उकरून काढतात आणि लोक उंटावरून ते पळवून आणतात. हसू नकोस, महाभारतात सभापर्वात युधिष्ठिराला नजराण्यात मुंग्यांनी काढलेलं "पिपीलिक" सोनं मिळतं, तेव्हा ही गोष्ट दोन्हीकडे फिरत होती. हे प्राणी म्हणजे काश्मीरकडच्या देवसाई पठारावरची मारमोट, म्हणजे मोठ्या खारीसारखा प्राणी, बिळं करताना सोन्याची माती वर काढणारी, असा एक अंदाज आहे. क्टेसियस नावाचा ग्रीक वैद्य इराणच्या दरबारात नोकरीला होता, भारतात पाऊल न ठेवता त्याने भारतावर पुस्तक लिहिलं, त्यात कुत्र्याच्या तोंडाची माणसं आहेत आणि एकाच पायाची माणसं आहेत जी उन्हात उताणी पडून त्याच पायाची सावली घेतात. मे महिन्यात लक्ष्मी रोडवर असा पाय मिळाला तर मला पण हवाय.

पण तुझ्या प्रोजेक्टसाठी नायसा घे, ती सगळ्यात भारी आहे. वाइनचा देव डायोनायसस लहानाचा मोठा झाला ते गाव नायसा, पण ते कुठे यावर ग्रीकांचं कधीच एकमत नव्हतं, एका स्तोत्रात ते इजिप्तच्या नदीजवळ आहे, कुणी अरबस्तानात टाकतं, कुणी इथिओपियाकडे. आणि मग अलेक्झांडर हिंदुकुश ओलांडून येतो, इसवी सनापूर्वी ३२७-२६ ची गोष्ट, काबूल नदी आणि सिंधूच्या मधे कुठेतरी, आणि एक गाव शरण येतं. त्यांचा म्होरक्या अकुफिस तीस माणसं घेऊन तंबूत येतो आणि सांगतो की आमचं गाव नायसा, डायोनायससनेच वसवलं, खूण काय तर आमच्याकडे आयव्हीचा वेल उगवतो आणि भारतात दुसरीकडे कुठेच नाही, आणि गावाजवळचा डोंगर मेरोस.

आता कान दे. ग्रीकमधे मेरोस म्हणजे मांडी. डायोनायससची आई जळून मेली तेव्हा झ्यूसने ते अर्धवट वाढलेलं बाळ आपल्या मांडीत शिवून ठेवलं होतं आणि तिथूनच तो जन्माला आला. म्हणजे डोंगराचं नाव मांडी आणि देव मांडीतून आलेला, यापेक्षा मोठा पुरावा त्या सैनिकांना काय हवा! घरापासून हजारो मैल लांब, थंडीवाऱ्यात, अचानक आपल्या गावाकडचा वेल दिसतो, लोकांनी तो तोडून डोक्याला गुंडाळला आणि नाचले म्हणे. आणि आपल्याला ऐकताक्षणी काय वाटतं? मेरू! आपला मेरू पर्वत! दुभाष्याच्या तोंडी "मेरू" आलं असेल आणि ग्रीकाने "मेरोस" ऐकलं असेल, असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही वाटतं. दोन्हीकडचे दोन कल्पित डोंगर एका शब्दात एकमेकांवर आदळले आणि दोघांनाही वाटलं समोरचा आपलंच बोलतोय.

अकुफिसची अजून एक गोष्ट घालच. अलेक्झांडरने त्याच्याकडे गावातली शंभर उत्तम माणसं मागितली. तो हसला. म्हणाला, राजा, शंभर चांगली माणसं काढून घेतल्यावर गाव चालेल कसं, त्यापेक्षा वाईटातली दोनशे ने. अलेक्झांडरला आवडलं आणि त्याने तो हट्ट सोडला. हे एरियन नावाच्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय.

आणि इथेही आपले ते एराटोस्थेनिस हजर आहेतच. ते म्हणतात हे सगळं अलेक्झांडरला खूश करायला मॅसिडोनियन लोकांनी रचलं. हिंदुकुशात एक गुहा दिसली, लगेच ती देवांचा विस्तव चोरणाऱ्या प्रोमिथियसची, त्याला कॉकेशस पर्वतावर बांधलं होतं ना, मग कॉकेशस हे नावच तिथून उचलून हिंदुकुशाला चिकटवलं. गाईंच्या अंगावर गदेचा डाग दिसला, की हर्क्युलिस येऊन गेला. जगाच्या टोकाला पोचलो म्हणायचं तर टोकावरच्या गोष्टी तिथे असायला नकोत का?

शेवटी एक चक्कर मार, लोणावळ्याजवळ कार्ल्याला. चैत्यगृहातल्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलीत, त्यात बरेच जण स्वतःला "यवन" म्हणवतात, हा तेव्हा ग्रीकांसाठी वापरायचा शब्द, आणि त्यांचं गाव लिहिलंय धेनुकाकट. आता हे धेनुकाकट नक्की कुठे यावर आपल्या अभ्यासकांचं आजवर एकमत नाही! खरी माणसं, खरं दान, दगडात कोरलेला पत्ता. प्रोजेक्टचं पहिलं पान तेच कर.

प्रश्न : ताई, हर्क्युलिसने आणलेली सोन्याची सफरचंदं कुठल्या देशात मिळतात? तिथल्या ड्रॅगनला किती डोकी असतात? (इयत्ता पाचवी, वारजे)

उत्तर : डोकी शंभर, आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा. मधल्या सुट्टीतला तुमचा वर्ग.

सफरचंदं हेस्पेरिडीस नावाच्या मुलींच्या बागेत होती, सूर्य मावळतो त्या बाजूला. एका गोष्टीत हर्क्युलिस स्वतः जात नाही, आकाश खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या अ‍ॅटलसला म्हणतो तू आण, तोवर आकाश मी धरतो. अ‍ॅटलस आणतो पण आकाश परत घ्यायला तयार होत नाही, मग हर्क्युलिस म्हणतो बरं, एक मिनिट धर, मी खांद्याखाली उशी घेतो. पुढचं तुला कळलंच असेल. आणि एवढं करून आणलेली सफरचंदं शेवटी अथिना देवी परत बागेतच नेऊन ठेवते.

ग्रीक भाषेत सफरचंदाला जो शब्द आहे तो इतर फळांनाही चालतो, आणि तसाच दुसरा शब्द आहे त्याचा अर्थ मेंढी, म्हणून काही जुने ग्रीक म्हणायचे की त्या मेंढ्याच होत्या, सोनेरी लोकरीच्या. पुढे लोकांना वाटलं की ती संत्री असणार, पण संत्री तेव्हा ग्रीसमधे आलेलीच नव्हती. नाव मात्र चिकटलं, संत्रं, मोसंबी, लिंबू अशा फळाला शास्त्रज्ञ आजही हेस्पेरिडियम म्हणतात. घरी मोसंबी असेल तर साल वाकवून दाबून बघ, तेलाचा बारीक फवारा उडतो, डोळ्यात जाऊ देऊ नकोस.

आता बाग कुठे. अ‍ॅटलास उघड आणि लिबियात बेनगाझी शोध. त्या गावाचं जुनं ग्रीक नाव युएस्पेरिडीस, कारण लोक म्हणायचे बाग इथेच. मग समुद्राच्या कडेकडेने बोट डावीकडे सरकवत ने, पार मोरोक्कोच्या पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत, तिथे लिक्सस नावाच्या जागेबद्दल प्लिनी नावाचा रोमन लेखक सांगतो की बाग इथे होती असं म्हणतात. बोट किती सरकलं ते पट्टीने मोज आणि मला कळव.